टाकी भरण्याआधी ऐकून घे

मान वर कर आणि माझ्याकडे बघ. ते मासे तू मारलेस. दुकानदारानं नाही, डिकीत खोका घालून आणणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यानं नाही. शनिवारी काचेची टाकी आणली, रविवारी पाणी भरलं, सोमवारी समुद्री मासे सोडले आणि गुरुवारी ते उताणे पडले, तर मला सांगतोस, ‘सर, नशीब खराब.’ बारावी सायन्सच्या पोरानं नशिबाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

स्वयंपाकघरातलं मीठ घातलंस ना? ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम चारशेच्या, शिवाय सल्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट. नुसतं खारट असून भागत असतं, तर शेजारच्या लोणारहून पाण्याचे कॅन भरून आणता आले असते. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या घरात, समुद्राचा ८.२ च्या आसपास. सामूमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, हे फळ्यावर लिहून दिलं होतं मी. वहीत उतरवलंस आणि तिथंच सोडलंस.

आणि पाणी कुठलं, तर बोअरचं! आपल्याकडच्या काळ्या खडकातलं जड पाणी, ज्यानं माठाला आणि गिझरला पांढरा थर चढतो. त्यात तयार समुद्री मीठ जरी घातलं, तरी आधीच विरघळलेल्या क्षारांचा हिशेब चुकणारच. पाणी आरओचं हवं, आणि त्याचा टीडीएस शून्याच्या जवळ हवा. घरचे आरओ चवीसाठी पाण्यात थोडे क्षार राखतात, म्हणून आधी मोजायचं. आरओमधून वाया जाणारं पाणी मोरीत सोडू नकोस. उन्हाळ्यात तुझी माय टँकरची वाट बघते. ते पाणी फरशी पुसायला, संडासात वापरायला तिला दे. अन् टाकीचं पाणी साठवायला तांब्याचा हंडा घेतला होतास म्हणे. खाऱ्या पाण्यात तांबं उतरलं की कोळंबी, शंख, प्रवाळ यांच्यासाठी ते विष आहे. प्लास्टिकची बादली घे, आणि ती कधीही साबणाला लागलेली नको.

आता मूळ गुन्ह्याकडे ये. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की आणखी अमोनिया होतो. नव्या टाकीत तो खाणारं कोणी नसतं. जिवाणूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. तुझा बाप सोयाबीननंतर गव्हाला युरिया टाकतो तेव्हा मातीत हेच घडतं, आणि तू ते पाठ करून परीक्षेत गुण मिळवलेस. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय सामू जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणजे गोड्या पाण्यातला मासा ज्यातून निभावतो, त्यात समुद्री मासा निभावत नाही. ते चार-सहा आठवडे फुकटात मिळत होते रे. थांबायला एक रुपया लागत नव्हता. रिकाम्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिक टाकायचं, चिमूटभर खाद्य कुजू द्यायचं, किटनं अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहायचं. दोन्ही शून्यावर टिकले की मग एक मासा. पैसे नाहीत म्हणून घाई केली, हे कारण मला सांगू नकोस. पैसे नसलेल्या माणसानं तर घाई मुळीच करायची नाही. त्याला पुन्हा विकत घ्यायची सोय नसते.

पैसे वाचवायला तीस लिटरची टाकी घेतलीस, तिथंही उलटं केलंस. पाणी कमी, म्हणजे ते लवकर तापतं, लवकर घाण होतं आणि दोन दिवस बाष्पीभवन झालं तरी लगेच जास्त खारट होतं. शंभर लिटरची साधी काच घे, कोणाची जुनी मिळाली तरी चालेल, फक्त आठ दिवस अंगणात पाणी भरून गळती बघ. मीठ पहिल्यांदा साडेतीन-चार किलो लागेल. खर्चाची कात्री माशांच्या संख्येवर चालव. दोनच ठेव.

आपल्या मे महिन्याचं काय, हा प्रश्न तुझ्या डोक्यात आला होता का? पारा बेचाळीसच्या पुढं जातो, आणि त्या माशांना पंचवीस-सव्वीस अंश लागतं. तापलेल्या, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो. चिलर तुझ्या आवाक्याबाहेर आहे, कबूल. पण पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोड. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हाळ्यात होतो. मात्र उडून जातं ते पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. टाकी पत्र्याखालच्या खोलीत नको. वीज गेली तर हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालला पाहिजे, रात्री दोनलाही.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी मी तुला खरं तर बोलावलं. व्हॉट्सॲपवर कोणी ‘स्वस्त कोरल’ देतो म्हणून तू आगाऊ पैसे भरायला निघालास. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. मुंबईत कोस्टल रोडसाठी हाजीअली-वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये हलवले, तेव्हा एवढ्या मोठ्या महापालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडे द्यावं लागलं. आणि तू थर्माकोलच्या खोक्यात, बिनकागदाचं कोरल मागवणार? अरे लेका, तो दगड नाही. हजारो जिवांची वसाहत आहे ती. कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. समुद्र इथून चारशे किलोमीटरांहून लांब. ते तोडून आपल्या रिसोडात आणायचं आणि आठवड्यात पांढरं करून उकिरड्यावर टाकायचं, याला मी छंद म्हणणार नाही. बघायची ओढ असेल तर मालवणला जा. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्यात डोकं घालून जिवंत प्रवाळ बघता येतात.

मासा घ्यायचा तर पैदास केंद्रात जन्मलेलाच घे. क्लाऊनफिशची पैदास केरळात विझिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं केव्हाच जमवली आहे. तो मासा समुद्रफुलाशिवाय टाकीत नीट राहतो आणि सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. दहा वर्षं! तू नोकरीला पुण्याला गेलास तर पाणी कोण बदलणार, हे घरी आधी विचार.

त्या व्हॉट्सॲपवाल्या माणसाला आजच ‘नाही’ म्हणून कळव. उद्या कॉलेज सुटल्यावर टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन ये, सामू आणि अमोनिया तुझ्याच हातानं काढशील. तारीख आणि आकडे लिहायला वेगळी वही आण. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही रकान्यांत शून्य दिसेपर्यंत एकही मासा मागवायचा नाही.