चेंबूर सुटलं

आमच्या घरात दोन पत्ते नांदतात. रेशनकार्डावर गोवंडी, धाकट्या भावाच्या लग्नाच्या बायोडेटात चेंबूर. बायोडेटा आईने लिहिला, आणि आई खोटं बोलत नाही. भाजीवाल्याकडून दोन रुपये जास्त आले तर चार जिने उतरून परत करणारी बाई. तिला टोकलं तर म्हणाली, "अरे, एका स्टेशनाचं तर अंतर!" तेही खरंच. आत्मवंचनेला खोट्याची फारशी गरज पडत नाही. चार खऱ्या गोष्टींतली सोयीची एक उचलायची आणि बाकीच्या तिघींवर चादर टाकायची, एवढ्यावर तिचं भागतं.

मराठीत याला 'मनाची समजूत घालणं' असा मायाळू शब्दप्रयोग आहे. रडणाऱ्या पोराची घालतात तशी. फरक इतकाच की पोराची समजूत घालताना आपल्याला ठाऊक असतं, चांदोबा काही खाली येणार नाही. मनाची घालताना मात्र सांगणारेही आपण आणि भुलणारेही आपणच. रामदासांना मनाला समोर बसवून बोलायला 205 श्लोक लागले, त्यात काय ते आलं.

गंमत म्हणजे ज्या चेंबूरच्या नावाला आम्ही लोंबकळतो, तिथेच एकेकाळी मुंबईचा कचरा जायचा. कुर्ला-चेंबूर हा रेल्वेचा फाटा 1906 साली पडला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. त्यावरून माणसं जाऊ लागली 1924 साली. पुढे 1927 मध्ये देवनारचं डम्पिंग सुरू झालं, कचरा एक पाऊल पुढे सरकला आणि चेंबूरला विसरायची मुभा मिळाली. आज हार्बरच्या गर्दीत नाकाला रुमाल लावून उभं राहणाऱ्याला सांगून बघा, हा रूळ मुळात कुणासाठी होता ते.

नाकाचं म्हणाल तर ते बिचारं प्रांजळ आहे. एकच वास सतत आला की काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं सोडतं. शरीराचा धर्मच तो. पुढची लबाडी आमची. पावसाळ्यात पाहुणे येतात, उंबऱ्यातच थबकतात. "आज वारा उलटा आहे," बाबा सांगतात. गेली तीस वर्षं आमच्याकडे पाहुणे आले की वारा उलटाच असतो. बाबांना ते मनापासून वाटतं, हे मी शपथेवर सांगेन.

रॉबर्ट ट्रिव्हर्स नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 1976 साली, रिचर्ड डॉकिन्सच्या 'द सेल्फिश जीन'च्या प्रस्तावनेत, एक कल्पना मांडली. दुसऱ्याला फसवणाऱ्याचं बिंग त्याच्याच चेहऱ्यावर फुटतं. म्हणून आधी स्वतःला फसवलेलं बरं. मला ती पूर्ण पटत नाही, कारण बाबांना पाहुण्यांकडून काहीच नको असतं. पण स्टेशनाबाहेरचा इस्टेट एजंट पाहिला की ट्रिव्हर्स आठवतो. "चेंबूरमध्येच आहे साहेब" म्हणताना त्याच्या डोळ्यांत जो विश्वास असतो, तो नुसत्या नाटकाने येत नाही.

आणि एकट्या गोवंडीकराला का धरावं? उरलेली मुंबई 'कचरा गेला' म्हणते. कुठे गेला, हे वाक्यात येतच नाही. 2016 च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला. नासाच्या उपग्रहचित्रांत धूर दिसला, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आठवड्यात सगळ्या शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता कळला होता. मग आग विझली आणि पत्ताही हरवला. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-देवनारचा हा एम-पूर्व विभाग तळाला होता; 2022 मध्ये इथे गोवराने मुलं दगावली. दोन्ही वेळा शहर हळहळलं. खोटं नव्हतं ते हळहळणं. पण त्यातही एक समजूत होती, की हळहळलो म्हणजे काहीतरी केलं. रुळांच्या अलीकडे राहणारे आम्हीही तेव्हा शिवाजीनगर, बैंगनवाडीबद्दल 'तिकडे' असाच शब्द वापरत होतो.

मी स्वतः प्रांजळ आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आई-बाबांना हसायचो. मग सोसायटीच्या कमिटीत गेलो. धुराची तक्रार लिहायची वेळ आली तेव्हा मीच सुचवलं, "गोवंडी लिहा, डम्पिंगजवळ लिहा, म्हणजे गांभीर्य कळेल." दोन महिन्यांनी गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायला भाडेकरू कंपनी शोधायची होती. त्या पत्रावर मी चेंबूर (पूर्व) टाकलं. लेटरहेड एकच, सही एकच. दोन्ही वेळा हात अडखळला नाही. आईचा निदान बायोडेटा एकच होता.

परवा संध्याकाळी गाडीत होतो. फोन वाजला, ऑफिसातल्या नव्या सहकाऱ्याला घरी जेवायला बोलावलं होतं, तो खाली येऊन थांबला होता. डोक्यावर घोषणा चालू होती: पुढील स्टेशन गोवंडी. तो विचारत होता, कुठवर आलात?

"चेंबूर सुटलं," मी म्हणालो.