एका जन्मापुरते शहाणपण

सज्जनहो, आयुष्य मोजायचे कशाने? वर्षांनी मोजावे, तर ज्ञानोबारायांच्या वाट्याला एकवीसच वर्षे आली. शके ११९७ चा जन्म आणि शके १२१८ ची समाधी. आपल्या गावात एकवीस वर्षांच्या पोराला अजून ‘लेकरू’च म्हणतात. उलट ऐंशी-नव्वद वर्षे जगून मागे फक्त सातबाऱ्यावरचे नाव ठेवून जाणारी माणसेही आपण पाहतो. मग लांब आयुष्य मिळाले ते कशासाठी, हा प्रश्न साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा असा आहे. तरुणांनी तो आधीच विचारला तर अधिक चांगले.

संतांनी दृष्टांत घेताना जीव लहान की मोठा, जवळचा की दूरचा, हे पाहिले नाही. कासवीची नजर, गाईचा पान्हा, चातकाची तहान, पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीची तळमळ, सगळे त्यांना चालले. त्याच धिटाईने आज एक दृष्टांत खाऱ्या पाण्यातून आणतो. तुम्ही म्हणाल, चिकलठाण्याला समुद्र कुठला? आपल्याला सुखना माहीत, फार तर पैठणचा नाथसागर. पण ज्याच्या घरी पोपटाचा पिंजरा आहे, त्याने त्यात अडकवलेला पांढरा, हलका, खडूसारखा तुकडा पाहिला असेल. आयुर्वेदात त्याला समुद्रफेन म्हणतात. तो समुद्राचा फेस नव्हे. कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्या कुळातल्या एका प्राण्याच्या पाठीतले ते कवच आहे. म्हणजे हा पाहुणा आपल्या दारापर्यंत केव्हाच आलेला आहे, आपण त्याची ओळख करून घेतली नव्हती इतकेच.

या कुळात माकूल आहे आणि ऑक्टोपसही आहे. ऑक्टोपसला हृदये तीन. दोन हृदये कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरे उरलेल्या शरीराला. रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोह असते तिथे त्याच्या रक्तात तांबे असते. मेंदूचे काम करणाऱ्या पेशी सुमारे ५० कोटी, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक त्याच्या आठ हातांत पसरलेल्या. हात नुसता लागला तरी त्या हाताला चव कळते. झाकण फिरवून बरणी उघडणे, अंगाचा रंग क्षणात बदलून खडकासारखे दिसणे, रोज खायला घालणारा माणूस ओळखणे, हे सारे त्याला येते. इंडोनेशियाच्या समुद्रात नारळाच्या करवंट्या गोळा करून, त्या सोबत वाहून नेऊन, वेळ पडली की आत लपून बसणारे ऑक्टोपस पाहिल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या गरजेसाठी आज साहित्य जमवणे याला आपण शहाणपणच म्हणतो.

आणि आयुष्य किती? साधा ऑक्टोपस जगतो एक ते दोन वर्षे. आपल्या किनाऱ्यावरचे माकूल साधारण एक वर्ष. एका आषाढीपासून दुसऱ्या आषाढीपर्यंत खेळ आटोपला. पॅसिफिक महासागरातला सर्वांत मोठा ऑक्टोपससुद्धा तीन ते पाच वर्षांपलीकडे क्वचितच जातो. त्यांचाच एक नातलग नॉटिलस, कवचात राहणारा, वीस वर्षांहून अधिक जगतो. बुद्धीने मात्र तो ऑक्टोपसच्या जवळपासही नाही. इतकी बुद्धी आणि इतके थोडे दिवस, ही जोडी पाहून मन थबकते.

आता त्याच्या शेवटाकडे पाहू. मादी खडकाच्या कपारीत अंडी घालते. काही जातींत ती लाखाच्या घरात असतात. त्यानंतर ती कपार सोडत नाही. अंड्यांवरची घाण साफ करते, त्यांच्यावर ताजे पाणी सोडत राहते, आणि खाणे जवळजवळ थांबवते. तिळाएवढी पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती झिजून संपलेली असते. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे भागात सुमारे १,४०० मीटर खोल, कडाक्याच्या थंड पाण्यात एक मादी शास्त्रज्ञांना २००७ साली अंड्यांवर बसलेली दिसली. पुढे २०११ पर्यंत ते यंत्र घेऊन अठरा वेळा तिथे उतरले. अंगावरच्या वणांवरून ओळख पटत होती, ती तीच होती, त्याच खडकावर. खाताना ती एकदाही दिसली नाही. ५३ महिने! मग एके खेपेस खडक रिकामा होता आणि अंड्यांची फुटलेली टरफले तेवढी उरली होती.

हे ऐकून कोणाही कीर्तनकाराच्या तोंडी सहज येईल : ‘पहा, आईचा त्याग!’ डोळेही पाणावतील. पण जरा थांबू या. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या दोन बारीक ग्रंथी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खाऊ लागल्या, वाढल्या, आणि एरवीपेक्षा कितीतरी अधिक जगल्या. म्हणजे ज्याला आपण त्याग म्हणालो, तो दोन ग्रंथींचा हुकूम होता. मग त्याग उरला कुठे?

उतावळा माणूस म्हणेल, ‘झाले! माया म्हणजे ग्रंथींचा रस, बाकी सगळी कविता.’ हेही खरे नव्हे. माणसाच्या आईलाही पान्हा फुटतो तो शरीराच्या नियमानेच. म्हणून काय तिच्या दुधाची किंमत कमी झाली? पाणी कोणत्या झऱ्यातून आले यावर त्याने तहान भागली की नाही हे ठरत नाही. ग्रंथींचा शोध मायेला खोटे पाडत नाही. तो एवढेच सांगतो की माया उपजते ती देहात. ती पुढे किती लांब न्यायची, हे देह सांगत नाही.

माणसाचे वेगळेपण इथे सुरू होते. ऑक्टोपसची मादी आपल्याच कपारीतली अंडी राखते, शेजारच्या कपारीशी तिचा संबंध नाही. निसर्ग माउलीपण देतो, पण आपल्यापुरते. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथमहाराजांनी काय केले ते आठवा. तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेले पोर कडेवर घेतले. रामेश्वराला न्यायचे पाणी तहानेल्या गाढवाला पाजले. तिथे कुठल्या ग्रंथीचा हुकूम नव्हता. उलट गावाचा विरोध होता, आणि नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती. जिथे नाही म्हणता येत होते तिथे हो म्हटले, म्हणून तो त्याग. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो ते याच अर्थाने. ज्या मायेला कुंपण नाही, ती माउली.

हे कुंपण किती दूर सरकवायचे, याचा विचार जग आज करते आहे. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात ऑक्टोपस आणि माकूल यांना वेदना जाणणाऱ्या जीवांत धरले. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये ऑक्टोपसची शेती करण्यास बंदी घातली. ज्याला पाठीचा कणा नाही त्याचे दुःख ओळखायला कायद्याला इतका वेळ लागला. आपल्याकडे भूतदयेचा शब्द जुना आहे, पण तो शब्द रोजच्या वागण्यात कुठवर पोहोचतो, हे ज्याने त्याने तपासावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मला या जीवाच्या मरणापेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक चटका लावते. इथे आई आणि पिल्लू यांची भेटच नाही. आई जाते तेव्हा पिल्लू तिळाएवढे असते. तिने आयुष्यभर जे शिकले, कोणत्या कपारीत शत्रू आहे, खेकडा कसा पकडावा, ते सगळे तिच्याबरोबर संपते. पिल्लाचा पहिला धडा पुन्हा पहिल्या अक्षरापासून. कोट्यवधी वर्षे प्रत्येक पिढी शून्यातून शहाणी होते आणि शहाणी झाली की मरते.

बरे, त्याला दुसऱ्याकडून शिकता येत नाही असेही नाही. १९९२ साली इटलीतील नेपल्सच्या संशोधकांनी दाखवले, की एक शिकवलेला ऑक्टोपस ठरावीक रंगाचा चेंडू निवडत असता शेजारच्या टाकीतून दुसरा पाहत राहिला, तर तोही नंतर तोच चेंडू निवडतो. शिष्य होण्याची पात्रता आहे, पण गुरू भेटत नाही. याहून मोठे पोरकेपण कोणते?

पोरकेपण आपल्या परंपरेच्या उगमाशीही आहे. आपेगावच्या त्या चार भावंडांचे आईवडील देह टाकून गेले. मुले लहान, वाळीत टाकलेली. पण तिथे एक धागा तुटला नाही. निवृत्तिनाथ थोरले होते आणि त्यांनी ज्ञानदेवांना हात दिला. पुढे ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा धाकट्या मुक्ताईने त्यांना समजावले. मोठ्याने धाकट्याला दिले, धाकटीने मोठ्याला दिले. त्यामुळे एकवीस वर्षांचे आयुष्य सातशे वर्षे पुरले. आयुष्य वर्षांनी लांबत नाही, ते हातातून हातात गेल्याने लांबते.

इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. पुढे दिले जाते ते सगळे चांगलेच असते का? त्या भावंडांना पैठणात शुद्धिपत्रासाठी हेलपाटे घालायला लावले, तोही वारसाच होता. बापाकडून मुलाकडे आलेला. जातीची उतरंड, बांधावरचे भांडण, सोयरिकीतला सल, हेही आपण पुढच्या पिढीला इमानेइतबारे देतो. ऑक्टोपसच्या पिल्लाला आईचे शहाणपण मिळत नाही, पण आईचे वैरही मिळत नाही. या एका बाबतीत ते आपल्या पोरांपेक्षा सुखी म्हणावे लागेल.

मग करावे काय? याचे उत्तर नाथांनीच घालून दिले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात होती आणि तिच्यात चुकीचे पाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ती शुद्ध केली. चुका शिरल्या म्हणून त्यांनी ग्रंथ टाकला नाही, आणि जुना आहे म्हणून चुकांसकट पूजलाही नाही. निवडले, पाखडले आणि पुढे दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वारसा असाच पाखडून द्यावा. धान्य द्यावे, खडे आपल्या सुपातच ठेवावेत.

आणि द्यावे हे नक्की. आपल्या चिकलठाण्यात एमआयडीसीमुळे घरातला कर्ता कधी नाईटला, कधी दिवसा. आईसुद्धा कामावर. आजोबांच्या हाती मोबाइल, नातवाच्या हाती मोबाइल. दोघे एकाच खाटेवर, आणि भेट नाही! कोणी म्हणेल, ‘आजकालची पोरे ऐकतात कुठे?’ नेपल्सचा तो ऑक्टोपस कोणी सांगितले म्हणून शिकला नव्हता, पाहून शिकला. पोरेही पाहतातच. संध्याकाळी हरिपाठाला कोण बसते, दारावर आलेल्याला पाणी कोण देते, रागावल्यावर कोण कसे बोलते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आपण काही शिकवत नाही असे वाटते तेव्हाही शिकवणे चालूच असते.

ऑक्टोपसच्या मादीला पिल्लांजवळ बसायला एक संध्याकाळही मिळत नाही. आपल्याला हजारो मिळतात. आज रात्री जेवणानंतर मृदंगाचा एक बोल, पेरणीची एक खूण, वाटेवरच्या एका माणसाची आठवण, एवढे जरी नातवाच्या कानी घातले, तरी त्या संध्याकाळचा हिशेब जमेच्या बाजूला गेला.

राम कृष्ण हरी!