टिकण्याची किंमत

जुनी घरं भक्कम असतात, या समजुतीत एक गोची आहे. जी पडली ती आपल्याला दिसतच नाहीत. पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या आळीत शंभरी गाठलेलं घर दिसतं, तेव्हा त्याच्या बरोबरीची कित्येक घरं मातीत मिळालेली असतात. उरलेल्याकडे बोट दाखवून ‘पूर्वीचे लोक काय बांधायचे!’ म्हणणं म्हणजे फक्त पास झालेल्यांची मार्कशीट बघून शाळेचा निकाल लावणं.

तरी उरलेली घरं काहीतरी सांगतात. दगडी चौथरा, चुन्यातलं बांधकाम, सागाचे खांब, वर कौलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. तोच वायू आरसीसीत खोल शिरला, की आतल्या सळईचं संरक्षण जातं. ती गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. म्हणून सिमेंटला खलनायक ठरवायला नको, नीट केलेलं आरसीसी पिढ्या टिकतं. पण आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. ती जुनी म्हणावी अशी नव्हती.

मला खरा फरक सामानापेक्षा दुरुस्तीत दिसतो. कौल फुटलं, तर एक कौल बदलतात. वासा वाळवीनं खाल्ला, तर एक वासा. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घर त्याच्यापुढे दरवर्षी थोडं हरणार, हे धरूनच ते बांधलेलं असतं. आमच्या धंद्यातही चांगला कोड तोच, जो लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर दुसऱ्याला दुरुस्त करता येतो.

पण ही दुरुस्ती करायची कुणी? आमचं रोह्याचं घर बिल्डरला द्यावं का, याची चर्चा घरात चालू आहे. मी पुण्यातून फोनवर वारसा वगैरे बोलू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “कौलं चाळायला माणूस मिळत नाही. मे महिन्यात तू चढतोस का वर?”

तिच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न आहे. पूर्वी माणूस मिळायचा, कारण तो स्वस्त होता. दरवर्षी वाड्याची कौलं चाळणाऱ्याचं स्वतःचं घर कुडाचं होतं. त्याची आज खूणही नाही. ज्या माजघराचं आपण कौतुक करतो, तिथं त्याला अनेकदा प्रवेशही नव्हता. वाडा टिकला, त्यात हाही हिशेब आहे.

शिवाय टिकणं हा काही नेहमीच गुण नाही. पेणला शाडूच्या मूर्ती घडतात, त्या विरघळण्यासाठीच. प्लास्टरची मूर्ती पाण्यात टिकते, आणि तोच तिचा दोष.

म्हणून जुन्या घरांकडून मला त्यांचं वय नको, त्यांची रीत हवी: आपल्यानंतर येणाऱ्याला दुरुस्त करता येईल असं बांधायचं, आणि दुरुस्त करणाऱ्याला पुरेसं मोल द्यायचं. घर ठेवायचं असेल, तर दरवर्षीच्या शाकारणीचे पैसे माझ्या पगारातून गेले पाहिजेत. ते द्यायचे नसतील, तर वारशावर बोलायचा हक्क मला नाही. आणि फ्लॅटच घेतला, तरी लिफ्ट आणि टाइल्सच्या आधी विचारायचं: पंचवीस वर्षांनी गळती लागली, तर ही इमारत दुरुस्त कोण करणार, आणि कशी?