ऋत्विजाच्या वाट्याचे फळ

यज्ञकर्म आज संपते आणि त्याचे फळ मात्र दीर्घ काळाने पदरी पडते. मग लोपलेले कर्म आणि न आलेले फळ यांना जोडणारा दुवा कोणता, या प्रश्नापाशी मीमांसक अडले, तेव्हा त्यांनी ‘अपूर्व’ नामक अदृश्य शक्ती कल्पिली. आणि त्याच शास्त्राने असाही निर्णय दिला की, श्रम ऋत्विजांनी केले तरी फळाचा धनी यजमान, ऋत्विजाला दक्षिणा तेवढी मिळावयाची.

अणुभट्टीत राबणाऱ्या कामगाराचा विचार करताना हा जुना निर्णय मला अस्वस्थ करतो. किरणोत्साराने पेशीतील डीएनएला झालेली इजा बहुधा भरून येते. क्वचित एखादी दुरुस्ती सदोष राहते, आणि कित्येक वर्षांनी, कदाचित तो कामगार निवृत्त झाल्यावर, तिच्यातून कर्करोग उद्भवतो. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुकामगारांची दप्तरे तपासून 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्ताचे कर्करोग वगळता इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण संचित मात्रेच्या दर ग्रेमागे सुमारे 52 टक्क्यांनी वाढते, असा अंदाज निघाला. त्याच हिशेबाने 20 मिलिग्रे मात्रेला ही वाढ एक टक्क्याच्या आसपास येते. केरळातील करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर, जेथील मोनाझाइटयुक्त वाळूच निसर्गतः किरणोत्सारी आहे, तेथे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाची अशी वाढ आढळली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि संशयाचा फायदा घ्यावयाचा तो कोणी, प्रकल्पाने की कामगाराने, हा प्रश्न गणिताचा नसून धर्माचा आहे.

कारण येथे फळाची वाटणीच उलटी झाली आहे. 1969 पासून तारापूरची वीज ज्यांच्या घरी आणि गिरण्यांत पोहोचली, ते आपण सर्व यजमान. आणि छातीवर मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लावून दुरुस्तीसाठी आत जाणारा कामगार हा ऋत्विज. इष्ट फळ आपल्या पदरी आणि अनिष्टाची शक्यता त्याच्या देहात! शिवाय हजारांच्या समुदायात जी वाढ मोजता येते, ती एकेका माणसापाशी येताच पुराव्यावाचून राहते, कारण त्याच्या अर्बुदावर कारणाची मोहोर उमटलेली नसते. अशा वेळी ‘प्रारब्ध’ म्हणून हात झटकणे हा कर्मसिद्धांताचा घोर दुरुपयोग होय. त्या सिद्धांताचा उपदेश आपल्या स्वतःच्या दुःखापुरता शोभतो, दुसऱ्याच्या अंगावर आपण ढकललेल्या जोखमीला तो लावणे हा अधर्म आहे.

आपल्याकडे पाच वर्षांत 100 आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे, आणि मर्यादेच्या आतही मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी हे तत्त्व सर्वत्र मान्य आहे. परंतु मर्यादा पाळली म्हणून ऋण फिटत नाही. ब्रिटनमध्ये 1982 पासून कामगारसंघटना आणि मालक यांच्या संमतीने अशी तजवीज चालत आली आहे की, रोग किरणोत्सारानेच झाला हे निःसंशय सिद्ध करण्याची सक्ती न करता, संभाव्यतेच्या प्रमाणात मोबदला द्यावा. यात खरी न्यायबुद्धी आहे. जेथे ज्ञान अंशात्मक, तेथे उत्तरदायित्वही निदान त्या अंशाने स्वीकारलेच पाहिजे.

म्हणून प्रत्येक कामगाराच्या, विशेषतः आज येथे तर उद्या तेथे जाणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या, मात्रेची नोंद जन्मभर जपावी, ती त्याच्या हाती द्यावी, निवृत्तीनंतरही त्याची प्रकृती तपासावी, आणि पुराव्याचे ओझे रोग्याच्या माथी मारू नये. विजेचा उपभोग ज्यांनी घेतला, त्यांनीच हा खर्च सोसला पाहिजे. दक्षिणा दिली एवढ्याने यजमान जबाबदारीतून मुक्त होत नाही.