द्राक्षारस संपला, हे कोणाला सांगावे?



नाताळ आला की पनवेलहून आपली काही कुटुंबे वसईला घरी जातात. त्यांत एखाद्या जोडप्याचे महिनोन् महिने धड बोलणे नसते. पण आईवडिलांच्या दारात पाऊल टाकताच दोघे हसू लागतात, करंज्यांचे ताट मिळून फिरवतात. म्हाताऱ्यांचा सण कडू होऊ नये, एवढाच हेतू. हे खोटे वागणे आहे का?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की खोटे बोलणे नेहमीच चूक. मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे म्हणजे खोटेपणा नव्हे. तेव्हा भरल्या पंगतीत भांडण मांडले नाही, यात आम्हाला पाप दिसत नाही. धोका पुढे आहे. लोकांपासून झाकता झाकता आपण एकमेकांपासून आणि मदत करू शकणाऱ्यापासूनही झाकू लागतो.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. पवित्र मरियेने पाहुण्यांत बोभाटा केला नाही, पण ती गप्पही बसली नाही. जो काही करू शकत होता, त्यालाच तिने सांगितले. नवा द्राक्षारस कोठून आला, हे भोजनकारभाऱ्यालाही कळले नाही. घराची अब्रू राहिली आणि उणीवही भरून निघाली.

घरात मारहाण होत असेल, तर मात्र ती झाकू नये. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. गंभीर धोका असल्यास चर्चचा कायदाही (कलम ११५३) वेगळे राहण्याची मुभा देतो.

इतरांनी सणात जरूर हसावे. पण सण सरताच एकमेकांशी बोलावे, आणि एका तरी विश्वासू माणसाला सांगावे, की आमच्या घरातला द्राक्षारस संपत आला आहे.