वानप्रस्थ कोणाच्या इच्छेनें?

वृद्धाश्रमाची गोष्ट निघाली कीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, आईबापांना तेथें धाडणें ही कृतघ्नता होय. दुसरा म्हणतो, नवराबायको दोघेंहि नोकरी करीत असतां दुसरा मार्गच कोणता? माझ्या मतें दोघेहि एकच चूक करतात. दोघांच्याहि वाक्यांत कर्ता मुलगा आहे. वृद्ध मनुष्य केवळ कर्म आहे.

आपल्या आश्रमव्यवस्थेनें गृहत्याग अधर्म्य मानलेला नाहीं. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचें तोंड दिसलें, कीं गृहस्थानें अरण्याचा मार्ग धरावा, असें मनुस्मृति सांगते. पत्नीला पुत्रांकडे सोंपवावें किंवा बरोबर न्यावें, असेंहि तेथें आहे. म्हणजे पुरुष तेथें कर्ता आहे. पत्नी त्याहि वाक्यांत कर्मच! २००७ सालच्या कायद्यानें मातापित्यांचें पोषण हें मुलांचें कर्तव्य ठरविलें. प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय व्हावी, अशीहि त्यांत योजना आहे. परंतु अन्नवस्त्राची तजवीज कायदा करूं शकतो. वृद्धांचें मन विचारात घेण्याची बुद्धि तो देऊं शकत नाहीं.

हें मी अपराधाच्या जाणिवेनें लिहीत आहें. माझी आई घरांत वारंवार पडूं लागली, तेव्हां आम्हां भावंडांनीं तीन संस्था पाहिल्या. अनामत रक्कम, मासिक खर्च, रात्रीं डॉक्टर मिळतो कीं नाहीं, अंथरुणाला खिळल्यास ठेवून घेतात कीं परत पाठवितात, सारी चौकशी केली आणि तिचा आम्हांस अभिमानहि वाटला. अर्ज मीं भरला. त्यांत ‘दिनचर्या व आवडीनिवडी’ असा एक रकाना होता. तेथें माझा हात थांबला. आईला विचारलें, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, “एवढं सगळं ठरवलंत, आतां हेंहि तुम्हीच लिहा.”

तो अर्ज मीं फाडला. महिन्याभरानें आम्ही पुन्हा निघालों, या वेळीं तिच्यासह. प्रश्न तिनें विचारले. खोलीची कडी आंतून लावतां येते का? पहांटे उठून आपला चहा आपण करतां येईल का? देव ठेवायला जागा आहे का? न रुचल्यास परत जातां येतें का? यांतला एकहि प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. आमच्या यादींत शेवटीं असलेली संस्था तिनें पसंत केली, आणि आधीं महिनाभर राहून पाहीन, असेंहि तीच म्हणाली. आज ती तेथें आहे. ती सुखी आहे, असें मी म्हणणार नाहीं. तें म्हणण्याचा अधिकार तिचा.

कोणी विचारील, विस्मृतीच्या विकारानें ज्यांची निर्णयशक्तीच लोपली, त्यांचें काय? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हें बोलणें शरीर व बुद्धि धड असतांनाच झालें पाहिजे. आपण तो विषय अशुभ म्हणून टाळतों, आणि मग एके दिवशीं रुग्णालयाच्या बांकावर बसून घाईघाईनें दुसऱ्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावतों.

मीहि पन्नाशी ओलांडली आहे. माझे प्रश्न मीं एका कागदावर लिहून मुलाच्या हातीं दिले. त्यानें तो न वाचतांच घडी करून ठेवला. त्याच्या वयांत मींहि तेंच केलें असतें.