दडलेले कोणापासून?

बाहेरगावचे पाहुणे जळगावला किंवा धुळ्याला आमच्याकडे आले की, एक मागणी हमखास करतात. “फादर, मोठे हॉटेल नको. इथली माणसे जिथे जेवतात, अशी एखादी दडलेली जागा दाखवा.” ही मागणी वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु गेल्या काही वर्षांत आम्हांला वाटू लागले आहे की, तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न लपलेला आहे. अशी जागा शोधणारा माणूस नेमके काय शोधतो? आणि ती सापडल्यावर त्याच्याकडे कोणते ऋण येते?

खानदेशात शोधण्याजोगे पुष्कळ आहे, हे खरे. येथील भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. मग हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात यांसह ती ठेचली जातात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर बसून खाल्लेल्या भरताची चव कोणत्याही प्रमाणपत्रात मावत नाही. झणझणीत शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे हे सारे त्याच मातीचे. तेव्हा पाहुण्यांची जिज्ञासा आम्ही चुकीची मानत नाही. चव हीदेखील एखाद्या प्रदेशाला ओळखण्याची वाट आहे.

आता आमचाच एक अनुभव सांगतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना मिळतात. तेथेच एका गोदामामागे पत्र्याच्या छपराची खानावळ होती. पाटी नाही, दोन बाकडी आणि एक चूल. हमाल आणि ट्रकवरचे क्लीनर तेथे जेवत. आम्हीही अधूनमधून जात असू. एकदा एका पाहुण्यांना आम्ही मोठ्या अभिमानाने तेथे नेले. त्यांनी आपल्या मित्रांना सांगितले, मित्रांनी आणखी मित्रांना. सहा महिन्यांनी गेलो, तर दारात मोटारी उभ्या होत्या. थाळीचा भाव वाढला होता आणि आमचे दोन परिचित हमाल समोरच्या गाडीवर उभ्याने वडापाव खात होते. आमचा घास घशाखाली उतरेना. आपणच हे केले, असे वाटले.

येथे कोणी म्हणेल, मग गप्प बसायचे काय? चांगली जागा ठाऊक असून ती स्वतःपुरती ठेवणे, हा स्वार्थ नव्हे का? हा आक्षेप वजनदार आहे. ज्या बाईचे पोट त्या चुलीवर आहे, तिच्याकडे चार गिऱ्हाइके अधिक यावीत, यात वाईट ते काय?

फ्रान्समधील लिऑन शहराची कथा येथे आठवते. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आणि मोलकरीण म्हणून राबलेल्या युजेनी ब्राझिए यांनी 1921 साली तेथे एक लहानसे भोजनगृह काढले. 1933 साली त्यांच्या दोन भोजनगृहांना मिशलॅन मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. मोलमजुरी करणाऱ्या बाईचा हा सन्मान रास्तच होता. मात्र ती मार्गदर्शिका 1900 साली सुरू केली टायर बनवणाऱ्या कंपनीने. मोटारी जितक्या फिरतील, तितके टायर झिजतील! शोधणाऱ्याच्या मनात स्वतःचा हिशेब असतो, तो असा.

याउलट मुंबईत 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कर्जात बुडाल्या होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम मंडळाने हाती घेतले. ‘तुमची भाजी कशी?’ या प्रश्नाच्या आधी ‘तुमचे कसे चालले आहे?’ हा प्रश्न तेथे विचारला गेला.

हा प्रश्न आम्ही धुळ्याला कधी विचारला नव्हता. सहा वर्षे तेथे जेवून त्या बाईंचे नावही विचारले नव्हते! त्या दिवशी प्रथमच आम्ही ओशाळून म्हणालो, “ताई, आमच्यामुळे तुमच्या जुन्या माणसांची जागा गेली.” त्या हसल्या. “फादर, यंदा पोरीची फी वेळेवर भरली. हमालदादांचं मलाही लागतंच की. उद्यापासून बाराच्या आत त्यांना जुन्या भावात जेवू घालीन. तुम्ही पाहुणे आणाल ते बारानंतर आणत जा.”

ज्या कोड्याने आम्हांला छळले, ते त्यांनी दोन वाक्यांत सोडवले. आम्ही बोलावे की गप्प बसावे, हा निर्णय आम्ही एकट्याने घ्यायचा नव्हताच. तो त्यांचाही होता.

संत थॉमस अक्वायनस कृतज्ञतेला न्यायाच्या परिवारातला सद्गुण मानतात. परंतु कायद्याने वसूल होणारे ऋण आणि कृतज्ञतेचे ऋण यांत ते भेद करतात. थाळीचे पैसे दिले की पहिले फिटते. दुसरे उरते. ते फेडायचे म्हणजे वाढणाऱ्याला नावाने ओळखायचे, त्याची अडचण विचारायची, आणि आपल्या आधी त्या बाकावर बसणाऱ्यांची जागा हिरावायची नाही.

आणि ‘दडलेले’ हा शब्द तरी खरा आहे का? ती खानावळ हमालांपासून कधीच दडलेली नव्हती. दडलेली होती ती आपल्यापासून, कारण आपण त्या बाजूला पाहत नव्हतो. एम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य प्रभूबरोबर कोसभर चालले, तरी त्यांनी त्याला ओळखले ते भाकर मोडताना. सोबतीचा माणूस वाटभर त्यांच्याजवळच होता.

आता पाहुणे आले की आम्ही त्यांना तेथे नेतो, बारानंतर. आणि बाकावर बसण्यापूर्वी ताईंचे नाव सांगून त्यांची ओळख करून देतो.